जुन्या मापाची भिंत

केतकी,

तुझ्या शोकसभेत लोक जे बोलले त्यातलं निम्मं मला पटलं नाही. एक जण म्हणाला, तू भविष्याशी बोलत होतीस. मी तुझी सासू, एका घरात राहिलो आपण. तू दूधवाल्याशी बोलायचीस, निखतशी बोलायचीस आणि माझ्याशी भांडायचीस. भविष्याशी बोलताना मी तुला पाहिलं नाही. दुसरी एक बाई म्हणाली, तू विटांना गाणं शिकवलंस. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने तुझी एकही वीट बघितलेली नव्हती, कारण तेव्हा एकही वीट बसलेली नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल इतकं गोड बोलणाऱ्यांचा मला संशय येतो. त्यांना काहीतरी लपवायचं असतं, नाहीतर लवकर घरी जायचं असतं.

मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार ओळी लिहा, असं दिगंबरराव म्हणाले. ते आपल्या मंडळाचे सेक्रेटरी, नाही कसं म्हणणार. मी गौलीगुड्याच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. पेपर रोज वाचते, पण लिहायची सवय नाही. तरी बसले, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. तू असं मधेच उठून जाशील असं मला वाटलं नव्हतं.

पुण्याहून तू या घरात आलीस तेव्हा आमच्या इथल्या दख्खनी बोलण्याला हसायचीस. "काय करायलीस?" असं मी विचारलं की तू माझ्या सुधीरकडे बघायचीस. पुढच्याच वर्षी भाजीवाल्याला "नक्को" म्हणताना मी तुला ऐकलं. मी काही बोलले नाही, पण मला बरं वाटलं. ते तुला सांगायचं राहिलं. आता सांगून टाकते, म्हणजे मोकळी होते.

हिमायतनगरच्या या फ्लॅटची पुढची खोली तू आर्किटेक्टचं ऑफिस केलीस. दोन मोठे स्क्रीन आणलेस आणि माझं शिलाई मशीन खिडकीपाशी सरकवलंस. विचारून सरकवलंस, हे खरं. मग निखत रोज सकाळी यायला लागली. आधी तुझ्या हाताखाली होती, पुढे तुझ्या बरोबरीने काम करायला लागली. तुम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसायच्या आणि मी मशीनवरून तुमच्याकडे.

पहिलं भांडण मला चांगलं आठवतं. स्क्रीनवर एक इमारत होती. तू एक बारीकशी पट्टी माऊसने सरकवलीस आणि ती अख्खी इमारत वाऱ्यातल्या साडीसारखी हलली.

मी विचारलं, "इमारत अशी डोलती का?"

"अहो आई, ही इमारत नाही अजून. हे नियम आहेत. मी एक आकडा बदलला की बाकीचं सगळं त्याच्या मागे बदलतं. आपोआप."

"आपोआप? मग तू काय करतीस?"

निखत हसून म्हणाली, "अम्मा, यहीच सवाल क्लायंटां भी पूछते."

तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगायला लागले. कुणी विचारलं सून काय करते, तर मी म्हणायची, कॉम्प्युटर करतो, ती बघत बसती. मंडळाच्या नव्या हॉलचं काम द्यायला दिगंबरराव घरी आले, तेव्हा त्यांच्यासमोरही मी हेच म्हटलं. तू आतून चहा आणलास आणि म्हणालीस, "बरोबर आहे आईंचं. मी फक्त त्याला वेळेवर चहा देते." दिगंबरराव इतके हसले की कप बशीत कलंडला.

मला खरंच संशय होता, केतकी. अजून आहे. घर बांधायचं तर माणसाने जागेवर उभं राहावं, इकडून तिकडून चालावं, मग ठरवावं. खुर्चीत बसून पट्टी सरकवायची आणि भिंतीने वाकायचं, यात काहीतरी लबाडी आहे असं मला वाटायचं. वाकलेल्या त्या इमारती मासिकात बघितल्या की मला विचारावंसं वाटायचं, आत राहणाऱ्याने कपाट कुठे ठेवायचं? तुला मी ते विचारलंही. "आई, काहींच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे," एवढं तू कबूल केलंस. तुझ्याच धंद्यातल्या लोकांना तू सगळ्यांसमोर कधी नावं ठेवली नाहीस, पण घरात ठेवायचीस. वाकवता येतं म्हणून वाकवतात मेले, असं एकदा म्हणाली होतीस. पुण्याच्या पोरीच्या तोंडी "मेले" ऐकून मला गंमत वाटली होती.

हॉलची गोष्ट मात्र वेगळी, असं तुझं म्हणणं. जुना हॉल, जो पाडून तिथेच नवा बांधायचा होता, मला तरुणपणापासून माहीत. पश्चिमेला खिडक्या, दुपारी चारनंतर ऊन थेट आत. खिडक्या उघडल्या तर डोळ्यात ऊन, बंद केल्या तर वर पत्रा तापलेला. हळदीकुंकवाला बायका पदराने वारा घेत बसायच्या. तू म्हणालीस, पश्चिमेची भिंत साध्या लाल विटांची, पण प्रत्येक वीट थोडी थोडी फिरवून बसवायची. कुठली जास्त, कुठली कमी. मधल्या फटीतून वारा आत येईल आणि बसलेल्या माणसावर ऊन येणार नाही. कुठली वीट किती फिरवायची हे हाताने काढायचं तर जन्म जाईल, ते कॉम्प्युटर काढेल.

"म्हणजे कॉम्प्युटरच करणार," मी म्हटलं.

तेव्हा तू माझ्या मशीनपाशी येऊन बसलीस आणि माझं कटिंग हातात घेतलंस. "हे काय आहे आई? छाती बदलली की मुंढा बदलतो. मुंढा बदलला की बाही बदलते. तुम्ही दर बाईसाठी नवा ब्लाऊज शोधून काढत नाही. नियम तेच, माप वेगळं. मी तेच करते, ब्लाऊजच्या जागी भिंत."

तुझं बरोबर असलं की मला आवडायचं नाही. सकाळपर्यंत मी उत्तर शोधून काढलं आणि तू दात घासत होतीस तिथे येऊन सांगितलं, "मी मापाचा ब्लाऊज घेत नाही."

तुला कळलं नाही. पुण्यात तू रेडिमेड घालायचीस. मग मी समजावलं. बायका आपला एक नीट बसणारा जुना ब्लाऊज घेऊन येतात आणि म्हणतात, याच्यावरून शिवा. बाकीचे शिंपी घेतात. मी परत द्यायची. उभी राहा, हात वर कर, टेप लावू दे. अंग काही तसंच राहत नाही. बाळंतपण होतं, आजार होतो, सासरी दुःख असलं तर खांदे उतरतात. जुन्या मापावर शिवलं की बाई घालती, पण हात वर करता येत नाही. "तुझा कॉम्प्युटर कुणाच्या अंगावरून माप घेतो?" मी विचारलं.

तोंडात ब्रश, म्हणून तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, जिंकले.

त्याच आठवड्यात दुपारी तू मला ऑटोत बसवून जुन्या हॉलवर नेलंस. माझं लाकडी स्टूल बरोबर घेतलंस. खुर्चीत माझे पाय अधांतरी राहतात, म्हणून मी मंडळाच्या कार्यक्रमालाही तेच घेऊन जाते आणि लोक हसतात. सगळी दुपार तू मला त्या रिकाम्या हॉलमध्ये इथून तिथे बसवलंस. "इथे लागतं? कुठे? डोळ्यात की गालावर?" मी सांगायची, तू खडूने खूण करायचीस. मला ते नाटक वाटलं. मग तू माझ्या शिलाईच्या डब्यातून आणलेला माझाच टेप काढलास आणि जमिनीपासून माझ्या डोळ्यापर्यंत लावलास. आयुष्यभर मी दुसऱ्यांची मापं घेतली, माझं कुणी घेतलं नव्हतं. ताठ बसावं की नेहमीसारखं, हेही मला सुचेना.

"नेहमीसारख्या बसा आई," तू म्हणालीस. मी ताठच बसले.

घरी आल्यावर तू स्क्रीनवर एक लाल ठिपका दाखवलास. "ह्या तुम्ही." खाली मराठीत लिहिलं होतं, आई. त्या ठिपक्यापासून बारीक रेषा निघून प्रत्येक विटेकडे गेल्या होत्या. ठिपका हलला की विटा फिरत होत्या.

मला ते अजिबात आवडलं नाही. "मला बाहेर काढ त्याच्यातून."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, माप कुणाचं?"

"माप घे म्हटलं. मला आत घाल असं कुठे म्हटलं? ते कुठे जातं पुढे? अमेरिकेला?"

"कुठे नाही जात, इथेच आहे."

"काढ."

"बघते," तू म्हणालीस.

"बघते" म्हणजे तुझं नाही असायचं, हे मला माहीत होतं. त्यानंतर मी दर चार दिवसांनी विचारायची, काढलं का? तू म्हणायचीस, बघते. हेच ते भांडण. ते तिथेच राहिलं.

दवाखान्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तिथेही एक स्क्रीन होता आणि डॉक्टर त्याच्याकडेच बघून बोलायचा. मी म्हटलं, अहो, तिच्याकडे बघा, तिचे ओठ बघा. तो चांगल्या आवाजात म्हणाला, आजी, सगळं इथे दिसतं. आकडे बरे होते. तू बरी नव्हतीस. तू शुद्धीवर असतीस तर त्याच्या बाजूने माझ्याशी वाद घातला असतास, मला ठाऊक आहे.

तुझं तेरावं झालं, पुण्याची माणसं परत गेली. सुधीर ऑफिसला जातो, येतो, जेवतो आणि पुढच्या खोलीचं दार लावून घेतो. मी विचारत नाही. मशीन मी अजून खिडकीपाशीच ठेवलं आहे. मधे आणलं तर जागा आहे, पण नाही आणलं.

एका रविवारी दिगंबरराव आले. हॉलचं काम थांबणार नाही म्हणाले, मला बरं वाटलं. मग कोनशिलेचं बोलणं निघालं. दगडावर कमिटीची नावं, देणगीदारांची नावं. मी विचारलं, "आणि केतकीचं?"

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "काकू, आमच्या मनात तिच्याबद्दल आदरच आहे. पण कमिटीचं म्हणणं पडलं, डिझाइन तसं कॉम्प्युटरने केलेलं. तुम्हीच नाही का म्हणायच्या?"

"मी म्हणायची," मी म्हटलं. "तिच्या तोंडावर म्हणायची आणि ती मला तोंडावर उत्तर द्यायची. तुम्ही ती गेल्यावर म्हणायलात."

"तसं नाही काकू..."

"मग असं करा, दगडावर कॉम्प्युटरचं नाव घाला. कुठल्या कंपनीचा ते निखतला विचारून घ्या. उद्घाटनाला त्यालाच हार घाला."

सुधीर म्हणाला, "आई, जाऊ दे." तो हल्ली सगळ्यालाच जाऊ दे म्हणतो. मी म्हटलं, जाऊ देणार नाही. मग कळलं की नाव नुसतं निमित्त होतं. त्या फिरवलेल्या विटांना मिस्त्री कुरकुरत होते, कमिटीला साधी भिंत आणि चार खिडक्या हव्या होत्या. भिंत गेली की नावाचा प्रश्नच उरत नाही. मला आधीच वास आला होता.

शेवटी दिगंबरराव म्हणाले, "नमुन्याची भिंत बांधू. केतकीने शब्द दिला होता, बसलेल्यावर ऊन येणार नाही. नाही आलं तर हीच भिंत आणि दगडावर तिचं नाव. आलं तर साधी भिंत. मंजूर?"

"मंजूर. मी स्वतः बसून बघते."

"बसा. तुम्ही आहात म्हणजे चिंता नाही. तुम्ही कुणाला बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्यातल्या नाहीत."

ते गेल्यावर मी निखतला फोन करून बोलावलं. तुझ्या खोलीचं दार सुधीरने स्वतः उघडलं. मी तिला विचारलं, "वो लाल ठिपका है क्या अभी?"

"हौ अम्मा, है ना."

"निकाली नहीं उसने?"

"नै. दीदी बोले थे, बाकी सब बदलो, इसको हाथ नक्को लगाओ."

मला राग आला. इतक्यांदा सांगून एक माणूस आपलं ऐकत नाही, आणि मग त्याला बोलायचीही सोय उरत नाही. ही कुठली पद्धत?

नमुन्याची भिंत जागेवर पश्चिमेलाच बांधली, दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांब आणि डोक्यावर जाईल एवढी उंच. मी कामावर जाऊन बसायची. तुझं काम खुर्चीत बसून झालं, पण विटा माणसांनीच लावल्या. प्रत्येक थरासाठी निखतने प्लायवूडची पट्टी कापून आणली होती, तिला खाचा, त्या खाचेला वीट टेकवायची, झालं. यादगिरी मिस्त्री पहिले दोन थर तेलुगूत शिव्या देत होता. तिसऱ्या थराला शिव्या थांबल्या. पाचव्या थराला तो लांब जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने बिडी पेटवली. ती भिंत लाटेसारखी दिसत होती, पण कुठे वाकलेली नव्हती. सरळच होती, नुसत्या विटा फिरल्या होत्या. मला वाटलं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मग आठवलं, सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं. पण ओल्या सिमेंटचा वास येणाऱ्या त्या विटांसमोर उभं राहिल्यावरच ते कळण्यासारखं होतं, त्यामुळे माझंही चुकलं नाही.

मग ठरलेल्या दिवशी दुपारी आम्ही त्या भिंतीच्या आतल्या बाजूला बसलो. दिगंबररावांसाठी प्लास्टिकची खुर्ची, कमिटीचे आणखी दोघे, त्यांनाही खुर्च्या. माझं स्टूल, तुझ्या ठिपक्याच्या जागेवर. निखत बाजूला उभी. ऊन उतरायला लागलं. भिंतीतून वारा यायला लागला, खरंच आला, माझा पदर हलला. दिगंबररावांनी रुमाल खिशात ठेवून दिला. त्यांच्या अंगावर एकही कवडसा नव्हता. बाकी दोघांच्याही नाही. भिंतीबाहेर सगळं रखरखत होतं आणि आत माणसं सावलीत, कसं ते त्यांनाही कळेना. एक जण उगाच हात लांब करून ऊन शोधत होता.

आणि माझ्या उजव्या डोळ्यात ऊन आलं.

एकच रेघ, पण नेमकी डोळ्यात. मी डोळा मिटला, उघडला. तशीच. मला आधी आनंद झाला, केतकी. खोटं कशाला बोलू. सापडलं, असं वाटलं. इतकी वर्षं सांगत होते ना. मी मान वळवली तुला दाखवायला. बाजूला निखत होती. तिने माझ्या तोंडावरची रेघ बघितली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

का आलं ते मला लगेच कळलं, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. तू माप घेतलंस तेव्हा मी ताठ बसले होते, दिमाखात. आणि त्यालाही दिवस झाले. त्यानंतर तुझं आजारपण झालं, तुझं जाणं झालं. मी वाकले आहे. तुझा ठिपका आहे तिथेच आहे, मी त्याच्या खाली आले आहे.

दिगंबररावांचा फोन वाजला, ते तोंड फिरवून बोलायला लागले. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि हातभर डावीकडे सरकले. रेघ खांद्यावरून मागे गेली.

फोन ठेवून ते म्हणाले, "काय काकू? ऊन?"

"नाही," मी म्हटलं.

"बिलकूल नाही?"

"दिसायलंय का तुम्हाला कुठं? नाही म्हटलं ना."

ऑटोत नारायणगुड्याच्या सिग्नलला निखतने पर्समधून टेप काढला. "अम्मा, सीधे नक्को बैठो, जैसे हमेशा बैठते वैसे बैठो. नया माप लेतूं. एकीच आकडा बदलना है, पूरी दीवार घूम जाती. किसी कू मालूम भी नै होता."

बरोबर म्हणत होती. मी मापाचा ब्लाऊज कधी घेतला नाही, बाई बदलली की माप बदलायचं, हे मीच तुला शिकवलेलं. तिने टेप माझ्या गुडघ्याशी धरला. मी तो तिच्या हातातून घेतला, गुंडाळला आणि परत तिच्या पर्समध्ये ठेवला.

"नक्को."

"कायकू, अम्मा?"

मला हिंदीत सांगता आलं नाही. मराठीतही आलं नसतं.

संशय गेलेला नाही, हे लक्षात ठेव. मासिकातल्या त्या वाकड्या इमारतींबद्दल माझं मत तेच आहे. दिगंबरराव हे वाचतील, वाचू देत. कोनशिला बसली आहे आणि तुझं नाव दगडात कोरलं आहे, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. भिंत तुझ्या मापाचीच चढते आहे, यादगिरी आता पट्टीकडे न बघता थर लावायला बघतो आणि निखत त्याला ओरडते. बाकी कुणावर तिथे ऊन येत नाही, मी वेगवेगळ्या बायकांना बसवून बघितलं. फक्त माझ्यावर येतं. ते आपण दोघी बघून घेऊ.